पांढरी पाच आणि काळी चारच्या मधल्या नलूताई

नलूताईंची आणि माझी ओळख झाली ती एका मोडीत काढायच्या यंत्रामुळे. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात दर दोन-तीन वर्षांनी निर्लेखन समिती बसायची. फुटकी काचपात्रं, पाय मोडलेली बाकं, वाळवी लागलेले नकाशे यांची यादी समोर घ्यायची, प्रत्येक वस्तूपुढे 'निरुपयोगी' असा शेरा लिहायचा आणि खाली चौघांनी सह्या करायच्या. मी ग्रंथपाल. माझं अक्षर बरं म्हणून शेरे लिहायचं काम माझ्याकडे असे. त्या वर्षी भौतिकशास्त्राच्या यादीत एक ऑसिलेटर होता. बटण फिरवलं की हव्या त्या कंपनसंख्येचा सूर काढून देणारं, राखी रंगाचं लोखंडी खोकं. मी शेरा लिहायला लागलो, तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या प्रयोगशाळा सहायक बाई म्हणाल्या, "सर, निरुपयोगी नका लिहू. नादुरुस्त लिहा."

मी फरक विचारला.

"निरुपयोगी लिहिलं तं भंगारात जाते. नादुरुस्त लिहिलं तं मले मागता येते."

मी नादुरुस्त लिहिलं. त्यांनी रीतसर अर्ज केला आणि महिनाभराने ते खोकं मांडीवर घेऊन त्या ऑटोत बसून घरी गेल्या. त्यांच्या संगीताची सुरुवात तिथे झाली असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. ती त्याआधीच झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

प्रयोगशाळेत नलूताईंचं काम साधनं काढून देण्याचं आणि परत मोजून घेण्याचं. नादकाट्यांच्या पेटीतला एखादा काटा मुलांनी चुकीच्या खाचेत ठेवला, तर त्या तो गुडघ्यावर हलकेच आपटून कानाशी धरत आणि त्यावरचा आकडा न बघता बरोबर जागी ठेवत. वर्गातल्या पंख्याबद्दल, पाण्याच्या मोटारीबद्दल, प्राचार्यांच्या खुर्चीबद्दल त्या आवाजावरून बोलत. माणसांच्या चेहऱ्यांची मात्र त्यांना ओळख राहत नसे. एकदा बाजारात मी समोरून नमस्कार केला, तर त्या परक्यासारख्या बघत राहिल्या. मी दोन शब्द बोललो तेव्हा म्हणाल्या, "अहो सर तुमी हाय का. मंग पयलेच बोलाचं ना."

त्या मूळच्या तेल्हाऱ्याच्या. घरची कापसाची शेती. घरात थोरली बहीण शारदा, तिला त्या अक्का म्हणत, आणि मग या. भाद्रपदात आमच्याकडे वऱ्हाडात मुली भुलाबाई बसवतात, घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं, आत काय आहे. गावात नलू सोबत असली की यजमानीणबाई डबा हलवून देत नसत, इतकं हिचं अचूक येई. अक्कानं एकदा हिला हरवण्यासाठी डब्यात फडकं कोंबून वर खिरापत ठेवली होती. हिनं डबा हलवला, आवाज आला नाही, आणि ही म्हणाली, "आत अक्काची ओढणी हाय." हे सांगताना नलूताई हसत, पण अक्काचं नाव आलं की पुढचं वाक्य जरा उशिरा येई, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

तो ऑसिलेटर त्यांनी दुरुस्त केला. पुढे जुना कीबोर्ड आला, एक संगणक आला, हातात मावणारं ध्वनिमुद्रण यंत्र आलं. भाड्याच्या घराची गच्चीवरची खोली त्यांनी यासाठी ठेवली होती. त्या खोलीशेजारीच विजेची डीपी, म्हणजे खांबावरचं रोहित्र, होती आणि ती दिवसभर गुणगुणत असे. दुसऱ्या कुणी खोली बदलली असती. नलूताईंनी तो आवाज मोजला. शंभर कंपनांचा. पेटीवर तो सूर सापडत नाही. पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बराच खाली असा तो येतो. त्यांनी आपली सगळी यंत्रं त्या सुराला लावली. डीपी हाच त्यांचा तंबोरा. म्हणायच्या, "साऱ्या गावात हाच सूर चालू हाय सर. लोकायले ऐकू येत नाई, पण कानाले सवय हाय त्याची. लाईट गेली की कसं उदास वाट्टे? तो सूर जाते म्हणून."

एकदा शहरातले एक चांगले पेटीवादक हौसेने त्यांच्यासोबत वाजवायला आले. अर्धा तास खटपट करून त्यांनी भाता बंद केला आणि म्हणाले, बाई, तुमची पट्टी या जगात नाही. नलूताईंना त्याचा राग आला नाही. पण त्यानंतर त्यांनी कुणाला बोलावलंही नाही. त्यांचं संगीत एकटीचं राहिलं, त्याचं कारण लोक तऱ्हेवाईकपणात शोधत. कारण इतकंच होतं की त्या सुरावर दुसऱ्या कुणाचं वाद्य लागत नव्हतं.

त्या संगीतात काय नव्हतं? भजनी मंडळाची खंजिरी, उरुसातल्या कव्वालांच्या टाळ्या, लग्नाच्या बॅंडमधला मोठा भोंगा, जिनिंगच्या यंत्रांची धडधड, धारणीकडच्या कोरकू आदिवासी म्हाताऱ्याची बासरी. हे सगळं तुकड्यातुकड्यानं घेऊन, कापून, ताणून, त्या शंभरच्या सुरावर बसवलेलं. मी पुस्तकातला माणूस. नाच-संगीतातलं मला कळत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गोंगाट वाटला. तिसऱ्यांदा ऐकताना वाटलं, की बसस्थानकावर बसून आपण डोळे मिटले आहेत आणि सगळा वऱ्हाड एकाच वेळी, पण कुणाच्याही बोलण्यात न शिरता, बोलतो आहे.

इंटरनेटवर हे संगीत टाकायचं तर नाव द्यावं लागतं. त्यांनी आपल्या नोकरीचं नाव दिलं : प्रयोगशाळा सहायक. परदेशातल्या कुणा रसिकानं या नावाच्या गूढतेवर मोठा परिच्छेद लिहिला होता. तो मी त्यांना मराठीत करून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, त्याले आमची पगारपत्रकं दाखवा. पुढे पुण्या-मुंबईहून पोरं त्यांना शोधत येऊ लागली, दोन-चार मोठ्या शहरांत कार्यक्रम झाले. साडी नेसलेल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या या बाई टेबलामागे उभ्या राहून बटणं फिरवत आणि समोर पोरं नाचत. परत आल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्या नादकाटे मोजत असत.

त्यांचा एक नियम होता. ज्याचा आवाज घेतला, त्याला तो आपल्या कामात बसवल्यावर आधी ऐकवायचा. त्यानं हो म्हटलं तरच बाहेर काढायचा. त्यासाठी त्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं धारणीला जात, तिथून जीपनं पुढे. त्या बासरीवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी हेडफोन लावून त्याचाच तुकडा ऐकवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला आणि मान हलवली. त्याचं म्हणणं, हा मी नाही. नलूताईंनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर कळलं, की वाजवताना मध्ये त्याला खोकला आला होता आणि तो यांनी काढून टाकला होता. माझा खोकला कुठे गेला, असं तो विचारत होता. त्या परत आल्या, खोकला पूर्ववत बसवला, पंधरा दिवसांनी पुन्हा धारणीला गेल्या. म्हातारा ऐकून खूश झाला. ती रचना त्यांची सर्वांत जास्त ऐकली गेलेली आहे, आणि ती ऐकणाऱ्या कुणालाही तो खोकला आठवतो.

आता अक्काबद्दल. हे मला नलूताईंनी पुढे अकोल्यात झालेल्या एका कार्यक्रमानंतर सांगितलं, पण क्रमानं सांगायचं तर आधी सांगायला हवं.

अक्का पहिल्या बाळंतपणासाठी तेल्हाऱ्याला आली होती. दिवस भुलाबाईचे होते. एकोणीस वर्षांच्या नलूला वडिलांनी नुकताच टेपरेकॉर्डर घेऊन दिला होता. दुपारी घरात कुणी नसताना तिनं अक्काला गायला लावलं. भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या तक्रारी असतातच. पण त्या बिननावाच्या, सगळ्यांच्या. अक्कानं त्या चालीवर स्वतःच्या ओळी म्हटल्या. स्वतःच्या सासूचं नाव घेऊन, नवऱ्याचं नाव घेऊन. गाणं संपल्यावर ती म्हणाली, बंद कर ते, आणि कोणाले ऐकवू नको. नलूनं शब्द दिला. पुढे मुलगी झाली, अश्विनी. अश्विनी सहा महिन्यांची असताना अक्का काविळीनं गेली. मुलीला त्याच सासूनं वाढवलं, आणि अगदी जिवापाड वाढवलं. बापानं दुसरं लग्न केलं नाही.

ती कॅसेट नलूताईंजवळ होती. तिची नक्कल त्यांनी कधी केली नाही. वर्षातून एकदा, अक्काच्या तिथीला, त्या ती एकट्याच ऐकत.

आयुष्यातलं मोठं काम त्यांनी या गाण्यावर बांधलं आणि त्याला नाव दिलं 'भुलाबाई'. पण अक्काचा आवाज त्यात घेता येईना. हो म्हणायला ती नव्हती, आणि नाही तर ती म्हणून गेली होती. शेवटी नलूताईंनी आवाजाशिवायच काम पूर्ण केलं. टिपऱ्या, खंजिरी, टाळ्या, जिनिंग, सगळं त्या गाण्याच्या मापानं बसवलेलं. गाणारी श्वास घेईल तिथे सगळे किंचित थांबतात, तिनं ओळ संपवली की टाळी येते. फक्त गाणारी नाही.

अकोल्यात ते पहिल्यांदा वाजलं. मी गेलो होतो. सगळी वाद्यं एकदम खाली आली, कुणीतरी आता गाणार अशी ती चाहूल, आणि कुणी गाईना. ध्वनिव्यवस्थेवाला तरुण धावत मंचावर आला. त्याला वाटलं माईक गेला. त्यानं वायर हलवली, दुसरा माईक लावला, फुंकर मारून बघितली. नलूताई हातानं त्याला जा म्हणत होत्या. तो त्यांना काळजी नका करू असं खुणावत होता. लोक हसले. त्याच्यासकट सगळ्यांचं समाधान झाल्यावर तो उतरला, आणि मग उरलेला वेळ सभागृहात कुणी हाललं नाही.

अश्विनी त्या गर्दीत होती. अकोल्याच्याच एका दवाखान्यात ती परिचारिका होती. मावशीचा कार्यक्रम म्हणून ड्यूटी बदलून आली होती. कार्यक्रमानंतर मी आत गेलो तेव्हा ती नलूताईंसमोर उभी होती.

"मावशी, इथं कोण गाते?"

"कोणी नाई."

"कोणी नाई तं सारे थांबतात काहून?"

नलूताईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सगळं सांगितलं. ओळींत काय आहे तेवढं सोडून. अश्विनीला आईचा आवाज आठवत नव्हता. घरात एक फोटो होता, तोही लग्नातला, घाबरलेला. ती म्हणाली, मले ऐकव.

"तिनं कोणालेच नाई म्हटलं हाय."

"मले थोडी म्हटलं असंन? मी तवा कुठं होती?"

"पोटात होती. तू बी ऐकलं ते."

"मंग ऐकेलच हाय मी. पुन्हा ऐकू दे."

नलूताई वायरी गुंडाळत राहिल्या. अश्विनी पाच मिनिटं उभी राहिली आणि निघून गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या ती अमरावतीला आली नाही. फोन केला तर बोले, पण तब्येत, पाऊस, ड्यूटी, एवढंच.

या दोन वर्षांत नलूताईंनी नवीन काही केलं नाही. एका दुपारी ग्रंथालयात येऊन त्यांनी मला विचारलं, की कुणी कागद ठेवायला देतं आणि उघडू नका म्हणतं, त्याचा तुमच्याकडे काय नियम आहे. मी सांगितलं, अट लिहून घेतो आणि पाळतो. त्या म्हणाल्या, अन् वारसानं मागितलं तं? मी ग्रंथपालासारखं उत्तर दिलं. अटीचा हेतू बघावा लागतो, मुदत बघावी लागते, समितीपुढे ठेवावं लागतं.

"हेतू माईत हाय ना मले," त्या म्हणाल्या. "ऐकलं तं पोरीचं आजीवरचं मन उडन. अक्काले तेच नको होतं. अन् नाई ऐकवलं तं तिले माय भेटत नाई. समितीत कोणाले बसवता सर?"

मी समोरची नोंदवही सरळ करत राहिलो. ते मला अजून खुपतं. काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते आजही सुचत नाही.

मागच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं. निदान झालं तोवर आजार पुढे गेला होता. अश्विनी रजा टाकून आली. बोलणं नव्हतं म्हणून सेवा थांबली नाही. औषधं, पथ्य, अंथरूण, सगळं तिनं हातात घेतलं. फक्त गच्चीवरच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे. पण वरची खोली झाडून घ्या असं ती मोलकरणीला रोज सांगायची.

एप्रिलमध्ये नलूताईंचा मला फोन आला. त्यांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. ग्रंथालयात भाषा शिकवण्याच्या कॅसेटींसाठी एक जुना टेपरेकॉर्डर होता, तो घेऊन येता का म्हणाल्या. मी निवृत्त झालो होतो. नव्या ग्रंथपालाकडे सही करून तो घेतला आणि ऑटोनं गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. नलूताई अश्विनीचा हात धरून, दर चार पायऱ्यांनी थांबत, वर चढल्या होत्या. खोलीतला कूलर त्यांनी बंद करायला लावला. पत्र्याचं छत होतं; पाच मिनिटांत माझा सदरा पाठीला चिकटला.

त्यांनी अक्काची कॅसेट घातली, हेडफोन जोडला, तो अश्विनीच्या हातात दिला. मग सरळ सांगितलं.

"त्याच्यात तुया बापाचं नाव हाय, तुया आजीचं हाय. चांगलं नाई हाय. पण ते लोक तवाचे होते. तुले वाढवलं ते लोक येगळे. ऐकून झाल्यावर आजीले काई बोलू नको."

अश्विनी म्हणाली, "नाई बोलत." मग म्हणाली, "मावशी, तू बाहेर जाऊन बस. मीच दाबते बटन. म्हणजे तू ऐकवलं असं नाई होत."

"नाई," नलूताई म्हणाल्या. "पळवाट नको. मी शब्द देल्ला होता. मोडाचा तं मीच मोडते म्हणा, दुसऱ्याच्या हातानं काहून मोडू?"

त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. फिरकी फिरायला लागलेली बघितली आणि मग भिंतीचा आधार घेत त्या बाहेर आल्या. मी दार ओढून घेतलं. आम्ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीला बसलो. डीपी गुणगुणत होती.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. पण नलूताईंची बोटं गुडघ्यावर हलत होती. मध्येच त्या थांबत, श्वास घेत, बोटं पुन्हा चालू होत. त्या काय मोजत होत्या हे मला विचारावं लागलं नाही. तीन-साडेतीन मिनिटांनी बोटं थांबली.

"आता म्हणते ती बंद कर," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

मी वाट पाहिली. बटणाचा खटका आला नाही. एक मिनिट गेलं असेल. मग दार उघडलं. अश्विनी दारात उभी होती, चेहरा ओला, हेडफोन गळ्यात.

"मावशी, तुमी दोघी हसून राहिल्या त्याच्यात."

नलूताईंनी वर पाहिलं.

"कुठं?"

"शेवटी. ती म्हणते कोणाले ऐकवू नको, तू म्हणते नाई ऐकवत, अन् मंग ती हसते. मंग तू बी. मंग बंद होते."

नलूताई हळू म्हणाल्या, "तिनं बंद कर म्हटलं की मी बंद करत होती." जणू मलाच समजावून सांगत होत्या. "दरसाल. तिथंच."

"पुढं हाय," अश्विनी म्हणाली.

"किती हाय?"

"असंन पाच-सहा सेकंद."

त्या उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, चौकट धरली. आत टेबलापाशी अश्विनीनं कॅसेट मागे नेली, जरा जास्तच मागे गेली असावी, आणि हेडफोनची एक बाजू मावशीच्या कानाला लावून दुसरी स्वतःच्या कानाला धरली. त्यासाठी दोघींना डोकी टेकवून वाकावं लागलं. नलूताईंचा एक हात बटणाजवळ होता, सवयीनं, आणि अश्विनीनं तो हलकेच बाजूला करून आपल्या हातात धरून ठेवला.

मी जिना उतरलो.